दोरावरचं वजन

वहिनींच्या दुकानात नवं माणूस शिरलं की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत, तोंडाकडे नंतर. "चढायचंय ना? मग बूट काढा, मोजे काढा आणि सरळ उभे राहा," असं म्हणून त्या कागदावर पावलाभोवती पेन्सिल फिरवत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला होता. मी तो घाईघाईनं पर्समध्ये कोंबला. "लाजू नका हो," त्या म्हणाल्या, "इथं भल्याभल्यांचे अंगठे बघितलेत मी."

त्या माझ्या कोणी लागत नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर एका जुन्या गोदामात भिंतीवर चढायला शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून त्याचे विद्यार्थीही वहिनीच म्हणायला लागले. टक्कल पडलेला एक बँकेतला साहेबसुद्धा "वहिनी, माझ्या मापाचं काही आहे का?" असं विचारायचा. "एवढे दीर आणि एवढ्या नणंदा कुठल्या सासरी मिळाल्या असत्या मला?" म्हणून त्या हसायच्या.

आधी त्या तंबू आणि पाठीवरच्या पिशव्या शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. पट्ट्यांची शिवण त्यांच्याकडे असे, कारण तीच उसवून चालत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तिथली दोन मशीनं उचलली आणि सायकल दुरुस्तीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या बोळासारख्या गाळ्यात दुकान थाटलं. आत शिरलं की नव्या रबराचा वास यायचा. डाव्या हाताला बूट, उजव्या हाताला हेल्मेटं, आणि मागे पडद्यापलीकडे त्यांची मशीनं.

नवशिकी मंडळी तिथं यायची ती बहुतेक हात आखडून. कुठल्या तरी जाहिरातीत बघितलेली सामानाची मोठी जंत्री मनात घेऊन यायची आणि किमती ऐकून गार पडायची. वहिनी मग त्यांच्या हातातल्या वस्तू एकेक करून परत फळीवर ठेवत. "दोर आत्ता घेऊ नका, मास्तरकडे आहे. हाताला लावायच्या खडूच्या भुकटीची पिशवी मी उरलेल्या कापडाची शिवून देते, तिच्यात काय सोनं ठेवायचंय? बूट जुने चालतील, तळवे नवे लावून देते. बोटं टेकली पाहिजेत, पण रडली नाही पाहिजेत. लोखंडी कड्या नीट तपासलेल्या असतील तर त्याही जुन्या चालतील." इथवर आवाज मऊ असायचा. मग कमरेच्या पट्ट्याची, म्हणजे हार्नेसची, आणि हेल्मेटची पाळी आली की तो बदलायचा. "हे दोन मात्र नवेच. ज्या कापडाची हकीगत मला ठाऊक नाही ते मी कोणाच्या कमरेला बांधणार नाही. आणि डोकं सेकंडहँड मिळत नाही."

पडद्याच्या अलीकडे, छताच्या लोखंडी तुळईला मास्तरनं एक कप्पी बसवली होती. तिच्यावरून एक दोर ओवलेला होता. दोराच्या एका टोकाला कुलूप लागणारी कडी, तिला कॅराबिनर म्हणतात. दुसरी बाजू जमिनीत घट्ट बसवलेल्या अडकणीतून जायची. ही अडकण दोर धरून ठेवते, आणि दांडा हळू दाबला की हळूहळू सोडते. गिऱ्हाइकानं हार्नेस घालायचा, कडी कमरेला अडकवायची, आणि दुसऱ्यानं त्याला गादीपासून हातभर वर ओढून तसंच लटकत ठेवायचं. "उभ्यानं सगळेच हार्नेस छान बसतात," वहिनी म्हणायच्या, "कुठं काचतंय ते लटकल्यावर कळतं." त्या जागेला आम्ही लटकण म्हणायचो. तिथं फार हसणं-खिदळणं चालायचं.

एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. अंगात नीट इस्त्री केलेला सदरा, हातात फुगलेली कापडी पिशवी. बूट बघायचा प्रश्नच नव्हता. ते फळ्यांकडे न बघता थेट वहिनींसमोर आले.

"माझ्या मुलीचं आहे हे," ते म्हणाले. "ती गेली. विकायचं नाही मला. कोणाला उपयोग झाला तर द्या."

वहिनींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. कशी गेली ते विचारलं नाही. पिशवीत एक दोर होता, एक हार्नेस, बूट आणि थोड्या कड्या. हेल्मेट नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्यांना समजावलं की दोर आणि हार्नेस कोणाला देता येणार नाही, ते कापून टाकावे लागतील, नाहीतर कचऱ्यातून उचलून कोणीतरी वापरायचं. "कापा," ते म्हणाले. जाताना दारात थांबून त्यांनी कप्पीकडे मान वर करून बघितलं. "चांगली बसवलीय," एवढं बोलून ते गेले.

दोर आणि हार्नेस वहिनींनी त्याच दिवशी कापले. कड्या मास्तरनं भिंग लावून तपासल्या. एकही चीर नव्हती. त्यातल्या एका कॅराबिनरवर ओळखीसाठी निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. लटकणीच्या कडीचं कुलूप तेव्हा अडकायला लागलं होतं, म्हणून मास्तरनं जुनी काढून ही निळ्या पट्टीची बसवली. वहिनी मशीनवर होत्या. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन गेले. ती काडीसारखी बारीक. तिला हार्नेस चढवून वहिनींनी कडी अडकवली आणि दोर माझ्या हातात दिला. मी ओढलं. दोर जेमतेम सरकला.

"अगं, काय खाऊन आलीस?" मी म्हटलं.

ती हसली. मी अंगाचा सगळा भार टाकून तिला हातभर वर घेतलं. ती लटकली, पाय हलवून बघितले, मांडीपाशी काचतंय म्हणाली. मी तिला खाली सोडलं. तिनं कडी सोडवली आणि आरशापाशी गेली.

माझ्या हातातला दोर मात्र तसाच ताणलेला होता.

मला आधी वाटलं कप्पीत अडकला असेल. मी समोर बघितलं. मोकळी कडी कमरेच्या उंचीवर लोंबत होती, पण लोंबत होती असं म्हणवत नाही. रिकाम्या दोराचं टोक कसं लटपटतं, वाऱ्यानं हलतं. हे ओळंब्यासारखं सरळ होतं. आणि दोर वर कप्पीपर्यंत असा बारीक झाला होता, जसा तो कोणी त्यावर बसलं की होतो. माझ्या तळहातात एक बारीक कंप येत होता. दोर धरणाऱ्याला तो ओळखीचा असतो. वरचं माणूस श्वास घेतं तेव्हा तो येतो.

"वहिनी," मी हाक मारली.

त्या आल्या, माझ्याकडे बघितलं, मग दोराकडे. त्यांनी एक बोट कडीला लावून ढकललं. कडी संथपणे लांब गेली आणि संथपणे परत आली. येताना स्वतःभोवती हळूच फिरली आणि निळी पट्टी वहिनींच्या बाजूला होऊन थांबली.

"अडकण घट्ट कर आणि हात काढ," त्या मला म्हणाल्या. मग मैत्रिणीकडे वळून अगदी नेहमीच्या आवाजात, "मांडीला काचतंय ना? दुसरा काढून ठेवते, उद्या या." आणि त्यांनी आम्हाला दाराबाहेर सोडलं.

त्यानंतरचे दिवस त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितले. भीती त्यांना लगेच वाटली नाही. आधी राग आला, कोणी आपल्या दुकानात नको ते सामान टाकून गेल्यावर येतो तसा. पडद्यामागे मशीन चालवताना तुळई करकरायची, अगदी एका लयीत. मशीन थांबवलं की करकर चालूच. झेरॉक्सवाल्याकडचा पंखा असेल म्हणून त्या बाहेर जाऊन बघून आल्या. पंखा बंदच होता. एकदा पडदा सारला तर कडी त्यांच्याकडे वळत होती. थांबली. त्या पाणी प्यायला डावीकडे गेल्या. परत बघितलं तर पट्टी डावीकडे.

"बघत होती असं नाही म्हणणार मी," त्या मला म्हणाल्या. "पण दवाखान्यात पलंगावरचं माणूस नर्स कुठे जातेय तिकडे मान वळवतं ना, तसं."

त्यांनी मास्तरला बोलावलं. तो आला तो चेष्टा करतच. "वहिनी, हवेला पण हार्नेस विकलात की काय?" कप्पीत तेल घातलं, तुळई ठोकून बघितली. मग त्यानं कडी तळहातावर घेऊन वर उचलली. ती उचलली गेली, पण कशी, तर झोपलेलं मूल उचलावं तशी, सगळा भार सैल सोडून हातावर टाकत. मास्तरनं ती तितक्याच जपून परत सोडली आणि हात पँटला पुसला. त्याची चेष्टा तिथंच संपली.

अडकणीचा दांडा दाबून त्यानं दोर सोडून बघितला. दांडा पूर्ण दबला, पण दोर बोटभरही सरकला नाही. वहिनींनी करून बघितलं, तेच.

"काढूनच टाकतो," मास्तर म्हणाला आणि कडीचं कुलूप फिरवायला लागला.

"हात लावू नको!" वहिनी ओरडल्या. तो दचकला. "लटकलेल्याला आधी खाली घ्यायचं, मग कडी सोडायची. तूच शिकवतोस ना पोरांना?"

"कोणाला खाली घ्यायचं, वहिनी? कोण आहे तिथं?"

तेव्हा वहिनींनी ती निळी पट्टी पहिल्यांदा नीट बघितली. "ही कुठली कडी बसवलीस तू?"

मास्तरनं सांगितलं. त्या चप्पल घालून निघाल्या.

म्हाताऱ्यांचं घर वहिनींनी सायकलवाल्याला विचारून शोधलं; तो सगळ्यांना ओळखायचा. जन्मभर म्हाताऱ्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आणि राहायचे ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. वहिनी धापा टाकत पोचल्या. दोन खोल्या, ओट्यावर एकच कप उपडा घातलेला, आतल्या खोलीत एक पलंग, चादर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढलेली. ते चहा टाकतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आधी मला सांगा, ती कशी गेली?"

त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं. मग ओट्याकडे तोंड करून सांगितलं. मुलीला नवीनच नाद लागला होता. जमेल तसं एकेक सामान घेत होती. हेल्मेट पुढच्या पगाराला घेते म्हणाली होती. ती आणि तिच्यासारखाच एक नवशिका मित्र, दोघंच एका कड्यावर गेले. ती वर होती, तो खाली दोर धरून. वरून दगड आला, तिच्या डोक्याला लागला. ती पडली नाही. दोरावर लटकून राहिली.

"जिवंत होती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, लगेच खाली घेतली असती तर कदाचित. पण त्या पोराला वाटलं, दोर सोडला तर ती पडेल. त्यानं गच्च धरून ठेवला. ओरडत राहिला आणि धरून राहिला. लोक पोचले तेव्हा त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. मी त्याच्यावर रागावू शकत नाही हो. त्यानं सोडलं नाही एवढंच. सोडायचं कसं, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं."

वहिनींनी मग त्यांना दुकानातलं सगळं सांगितलं. आपण काय बोलतोय, हा माणूस आपल्याला हाकलून देईल, असं बोलता बोलता त्यांना वाटत होतं. म्हाताऱ्यांनी गॅस बंद केला. चहाला उकळीही आली नव्हती.

"चला," ते म्हणाले.

दुकानात मास्तर होता, आणि योगायोगानं मीही, कारण मैत्रिणीचा हार्नेस घ्यायला आले होते. वहिनींनी दार आतून लावून घेतलं. बाहेर लख्ख दुपार होती, सायकलवाल्याचा हातोडा वाजत होता. आत तुळई करकरत होती.

म्हातारे कडीजवळ गेले नाहीत. आमच्यापैकी कोणालाही वाटलं असतं की ते हात लावतील, काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त कप्पीकडे बघितलं, मग दोर बघत बघत खाली अडकणीपर्यंत आले आणि गुडघे मोडून तिच्यासमोर बसले. "अडकलेली माणसं खाली घेण्यात जन्म गेला माझा," ते म्हणाले, "पण हे यंत्र मला माहीत नाही. दाखवा."

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. आणि ज्या शब्दांत त्या प्रत्येक नवशिक्याला सांगत, मलाही ज्या शब्दांत सांगितलं होतं, तेच शब्द त्यांनी वापरले. "हा खालचा हात. हा कधी सोडायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. वरच्या हातानं दांडा दाबायचा, हळू. दोर पळायला लागला तर घाबरायचं नाही, दांडा सोडून द्यायचा, तो आपोआप थांबतो. वरचं माणूस तुमच्या हातावर असतं. त्याला झटका बसता कामा नये."

"बोलायचं असतं का काही?"

"सांगायचं असतं. खाली घेतोय म्हणून."

त्यांनी दोन्ही हात ठेवले. एकदा घसा खाकरला. मग वर बघून, जसं आतल्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "बाळा, खाली घेतोय गं."

दांडा दबला. आणि दोर सरकला.

करकर थांबली. कप्पी नुसती गुंजारव करत फिरत होती. कडी टिचभर खाली आली, मग आणखी, आणि येताना हळूहळू फिरत होती. मास्तरनं माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं. म्हाताऱ्यांच्या हाताला एकही हिसका बसला नाही. कडी गुडघ्यापर्यंत आली, मग पोटरीपर्यंत. खाली जाड स्पंजाची गादी होती. ती मधोमध दबली. आधी एक लांबट खळगा, कोणी आडवं टेकावं एवढा. दोर सैल पडला, त्याचं वेटोळं गादीवर घरंगळलं. आम्ही कोणी हललो नाही. मग तो लांबट खळगा भरून आला, आणि त्याच्या कडेला दोन लहान खळगे उमटले, शेजारी शेजारी. पावलांएवढे. ते तसेच राहिले, आणि मग तेही वर आले.

म्हाताऱ्यांचा खालचा हात अजून दोरावर होता. "सोडू आता?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"सोडा," वहिनी म्हणाल्या. "उतरली ती."

त्यांनी बोटं उघडली. कोणी रडलं नाही. वहिनींनी दार उघडलं, कारण आत एकदम खूप उकडायला लागलं होतं. मास्तरनं कडी उचलली. ती आता एका कडीएवढीच जड होती, मूठभर. त्यानं ती म्हाताऱ्यांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. "राहू द्या. कोणाच्या तरी कामाला येईल." मग सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या करून ते निघाले.

आम्ही तिघं दारात उभे राहून त्यांना जाताना बघत होतो. फुटपाथ अरुंद होता, रस्ता मोकळा. ते अगदी भिंतीला लागून चालत होते, अंग चोरून, जशी आपण बरोबरच्या माणसाला जागा करून देतो. समोरून एक बाई पिशव्या घेऊन आली. तीही त्यांना ओलांडताना, का कोण जाणे, फुटपाथवरून खाली उतरली.

मास्तर आजही या गोष्टीबद्दल बोलत नाही. कप्पी गंजली होती, एवढं म्हणतो, आणि ती त्यानं बदललीही. पण त्या महिन्यापासून त्याच्याकडे पहिले कित्येक दिवस चढायला मिळत नाही. आधी दोर धरायचा, आणि धरला की सोडायला शिकायचं. कंटाळून काही जण सोडून जातात. जाऊ देत, म्हणतो.

वहिनींनी दुकानाच्या रचनेत फक्त एक फरक केला. हेल्मेटं दाराशी आणली. पैसे कमी पडत असतील तर त्या बूट ठेवून घेतात आणि साध्या कॅनव्हासच्या बुटांवर चढा म्हणतात, पण हेल्मेट दिल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. पुढच्या पगाराला घेतो असं कोणी म्हणालं की त्यांचा चेहरा असा होतो की तो माणूस मुकाट्यानं डोक्याचं माप देतो. यावरून त्यांची एकदोनदा भांडणंही झाली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, तुम्ही दुकानदार आहात की पोलीस?" त्या म्हणाल्या, "माप द्या."

परवा मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते. वहिनींनी तिचे पाय बघितले, कागदावर पेन्सिल फिरवली, हार्नेस चढवला. भाची लटकणीवर लटकली, मी दोर धरला. वजन तिचंच होतं, तेवढंच. तिला खाली घेतल्यावर मी कडी सोडवली आणि दोर हातात धरून जरा थांबले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "बुटात बोटं टेकतायत का गं?" असं भाचीला म्हणून त्या खाली वाकल्या.